१ मेचे झेंडावंदन आणि मुलांचा सुट्टीतला तास

सर्व सभासदांना नमस्कार,

महाराष्ट्र दिनाचे झेंडावंदन १ मे रोजी सकाळी ठीक ७.३० वाजता सोसायटीच्या अंगणात होईल. मुलांना घेऊन या, झोपेतून उठवावं लागलं तरी चालेल.

गेल्या प्रजासत्ताक दिनी एका चिमुरडीने विचारलं, "आपण घरी पण झेंडा लावू शकतो का?" आम्ही मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहिलो. लावता येतो! २००२ च्या ध्वज संहितेपासून सामान्य नागरिक वर्षभर कोणत्याही दिवशी तिरंगा फडकवू शकतो. सन्मानाने ध्वज फडकवणं हा संविधानाच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितलं. एका नागरिकाने त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात लढा दिला होता. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

त्यावरूनच ठरलं की यंदा सुट्टीत दर रविवारी सकाळी १० वाजता क्लबहाऊसमध्ये मुलांसाठी एक तास ठेवायचा. पहिल्या रविवारी तिरंगा काढायचा: लांबी-रुंदी ३:२, चक्राचे आरे २४, म्हणजे दोन आऱ्यांमध्ये १५ अंश. कंपासपेटी लागेलच. पुढच्या रविवारी संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचू. परीक्षा, गुण, बक्षीस काही नाही. आईबाबांनी उत्तरं आधी सांगू नयेत, ही कळकळीची विनंती.

मुलांची नावं ३० एप्रिलपर्यंत कार्यालयातल्या वहीत लिहा. झेंडावंदनानंतर खुर्च्या उचलायला चार-पाच जण थांबलात तर बरं होईल.

– सचिव