कीबोर्ड न उघडताच ‘निकामी’ ठरवल्याबद्दल आणि सुटे भाग नाकारल्याबद्दल तक्रार

कोल्हापूर
दिनांक : १२ डिसेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : तपासणी शुल्क परत मिळणे, चुकीचा अहवाल रद्द होणे आणि स्विच विकत मिळणे याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या अधिकृत सेवा केंद्राने माझ्या मेकॅनिकल (प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेल्या) कीबोर्डबद्दल “आतून तपासणी केली, पीसीबी निकामी, दुरुस्ती अशक्य, संपूर्ण युनिट बदलावे” असा लेखी अहवाल दिला. पीसीबी म्हणजे आतला सर्किट बोर्ड. या तपासणीचे ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे ५९० रुपये घेतले. जाण्यायेण्याचं कुरिअरही माझ्याच खर्चानं. त्यानंतर मी तो कीबोर्ड उघडला, धुतला, एक डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारा बोर्डावरचा छोटा भाग) बदलून घेतला आणि तो सुरू झाला. हे पत्र त्याच्यावरच टाइप केलं आहे.

कीबोर्डवर पेय सांडलं तर ते वॉरंटीत बसत नाही, हे मला मान्य आहे. फुकट दुरुस्ती मी कधीच मागितली नाही. पहिल्या फोनपासून मी म्हणत आले की पैसे घ्या, पण काम करा. माझी तक्रार आहे ती न केलेल्या तपासणीचे पैसे घेतल्याची आणि पैसे देऊनही सुटे भाग न विकण्याची.

मी कोल्हापुरात टायपिंग आणि डीटीपीचं काम करते. १८ ऑगस्ट २०२५ पासून इथं मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं इकडं आली, आणि आमच्यासारख्यांच्या टेबलावर कागदांचे ढीग लागले. मराठी दस्त, इंग्रजी भाषांतरं, जोडपत्रं, सगळं आजच्या आज. रबराच्या स्वस्त कीबोर्डवर बोटं दुखायला लागली म्हणून सप्टेंबरात आपला ६,९०० रुपयांचा कीबोर्ड घेतला. खोक्यावर ठळक अक्षरात लिहिलंय की याचे स्विच सोल्डरिंगशिवाय काढता-घालता येतात. स्विच उपसायचा चिमटासुद्धा खोक्यातच होता. मी तो घेतला त्याचं मुख्य कारण हेच. एक बटण गेलं तर तेवढंच बदलायचं, असा साधा हिशेब.

ऑक्टोबरच्या उन्हात आलेल्या एका पक्षकाराच्या हातातला उसाच्या रसाचा ग्लास कलंडला आणि डाव्या बाजूची बटणं न्हाऊन निघाली. रसात आलं-लिंबू होतं. मी त्याच क्षणी केबल उपसली, कीबोर्ड उपडा केला, निथळवला आणि पुन्हा जोडून पाहायचा मोह टाळला. ओल्या बोर्डातून वीज गेली की तांबं झिजायला वेळ लागत नाही. मग आपल्या हेल्पलाइनला फोन केला.

तिथं मला सांगण्यात आलं की बटणांच्या फटीतून भरपूर स्पिरिट सोडा, साखर विरघळून जाईल, आणि मग कीबोर्ड तांदळाच्या डब्यात ठेवा. कॉल रेकॉर्ड होतो असं आपणच सुरुवातीला ऐकवता, तेव्हा हे संभाषण आपल्याकडं असणारच. कृपया ते ऐका, कारण हा सल्ला धडधडीत चुकीचा आहे. साखर पाण्यात विरघळते, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाहीच. स्पिरिट रसातलं पाणी ओढून नेतं आणि साखर जागच्या जागी घट्ट बसवतं. सर्जिकल स्पिरिटात थोडं पाणी असतं म्हणून वरून पुसल्यासारखं दिसतं एवढंच. गुऱ्हाळात काहिलीला चिकटलेली काकवी कोणी स्पिरिटानं धूत नाही, गरम पाणीच ओततात. हे आमच्या भागात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तांदळाचं म्हणाल तर तो थोडाफार ओलावा ओढेल, साखर ओढणार नाही. आजरा घनसाळसारखा तांदूळ या कामावर खर्च करायची माझी तयारी नव्हती.

तेव्हाच मी घरी धुवायला घेणार होते. पण उघडला तर उरलेली वॉरंटी रद्द होईल, आमच्या केंद्राकडंच पाठवा, असं आपल्याच प्रतिनिधीनं बजावलं. म्हणून पाठवला. केंद्रात तो काही आठवडे पडून राहिला. मी फोन करत राहिले आणि दरवेळी ‘प्रोसेसमध्ये आहे’ हे एकच उत्तर मिळत गेलं. शेवटी वर सांगितलेला अहवाल आणि त्याच मॉडेलच्या नव्या कीबोर्डवर सवलतीचं कूपन आलं. कूपनाची तत्परता अहवालाला असती तर बरं झालं असतं.

आता मुख्य मुद्दा. कीबोर्डच्या तळाला एका स्क्रूवर ‘काढल्यास वॉरंटी रद्द’ असा स्टिकर आहे. तो स्क्रू काढल्याशिवाय खालचं कव्हर निघत नाही. कीबोर्ड पाठवण्याआधी मी तळाचे फोटो काढले होते. त्यात या स्टिकरवरून स्क्रूच्या खाचेपर्यंत गेलेला रसाचा ओघळ स्वच्छ दिसतो. परत आला तेव्हा तोच ओघळ, तसाच, अखंड वाळलेला होता. स्टिकरची कडाही उचकटलेली नव्हती. वरच्या बाजूला स्पेसबारखाली साखरेची जी पापडी जमली होती, तिला तडासुद्धा गेलेला नव्हता, म्हणजे कीकॅपदेखील (बटणांवरच्या टोप्या) काढून पाहिले नाहीत. मग ‘आतून तपासणी’ कुठून केली? बाहेरून यूएसबीला लावून पाहिला असेल तर तसं लिहायचं होतं. मी कीबोर्ड उघडतानाचं संपूर्ण चित्रीकरण केलं आहे. त्याच्या सुरुवातीला शाबूत स्टिकर आणि त्याच दिवशीचं वर्तमानपत्र एकत्र दिसतं. कोर्टाच्या आसपास काम करून एवढी सवय लागलीच आहे.

उघडल्यावर काय दिसलं तेही सांगते, कारण आपल्या तंत्रज्ञांनी ते पाहिलेलं नाही. पीसीबीवरचा मुख्य चिप कोरडा आणि स्वच्छ होता. रस डावीकडच्या स्विचमध्ये आणि त्यांच्या सॉकेटभोवती (स्विच ज्यात बसतात त्या खोबण्यांभोवती) साचला होता. सगळे कीकॅप काढून कोमट साबणाच्या पाण्यात टाकले. उकळतं पाणी आणि हेअर ड्रायर मुद्दाम टाळले, उष्णतेनं प्लास्टिक वाकतं. भिजलेले स्विच आपल्याच चिमट्यानं उपसले. एकेका स्विचच्या वरच्या झाकणाला चार खाचा असतात, त्या सोडवल्या की आतली दांडी, स्प्रिंग आणि तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पाती दिसते. दांडी साखरेनं चिकटलेली, पातीवर साखरेचा थर. बटण अडकायचं किंवा एकदा दाबलं की अक्षर दोनदा उमटायचं, त्याचं कारण हेच. पाती टेकताना थरथरते. ती थरथर मिटेपर्यंत कीबोर्डचा प्रोग्राम काही मिलिसेकंद थांबतो. पण पाती मळलेली असली की थरथर त्याहून लांबते आणि संगणकाला दोन ठोके ऐकू येतात. काना असा दुप्पट पडून ‘न्याायालय’ झालेला कागद न्यायालयात देता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

धुण्यासाठी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर बोर्डावरच राहतात, म्हणून ते नको. मऊ टूथब्रशनं पीसीबी आणि सॉकेट आधी या पाण्यानं धुतले, चिकटपणा पूर्ण जाईपर्यंत. त्यानंतर, आणि तेव्हाच, ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरलं. त्याचं काम साखर काढायचं नाही. फटीत अडकलेलं पाणी सोबत घेऊन ते लवकर उडून जातं, त्याचा उपयोग तेवढाच. आधी पाणी, मग अल्कोहोल. आपल्या हेल्पलाइननं पाण्याचा टप्पाच गाळला होता. सगळं पंख्याखाली पुरतं वाळवलं, दांड्यांना आणि स्पेसबारच्या तारेला ग्रीसचा हलका हात दिला. पातीला मात्र ग्रीस लागू दिलं नाही.

जोडल्याबरोबर दिवे लागले, संगणकानं कीबोर्ड ओळखला आणि एक सोडून सगळी बटणं चालू झाली. पीसीबी निकामी असता तर यातलं काहीच झालं नसतं. बंद राहिलं ते डीचं बटण. इनस्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण) तिथंच असतो. म्हणजे एक बटण गेलं आणि मराठीतली बहुतेक जोडाक्षरंच गेली. ‘कोल्हापूर’ टाइप करायला जावं तर ‘कोलहापूर’ उमटत होतं. शेजारचा चालू स्विच त्या जागी घालून पाहिला, तरी ढिम्म. सॉकेटची दोन्ही टोकं चिमट्यानं जोडून पाहिली, तरी नाही. म्हणजे दोष स्विचमध्ये नव्हता.

मग बोर्ड इथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात नेला. तिथं सीएनसी मशीनची कार्डं दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांनी मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर लावला. शेजारचे डायोड सरळ दिशेनं ०.६ व्होल्टच्या आसपास दाखवत होते, डीच्या बटणाचा काहीच दाखवेना. भिंगाखाली पाहिलं तर त्याचा एक पाय हिरवा पडून तुटलेला. तांब्याला आंबट ओल लागून जो हिरवा गंज चढतो, तो एका रात्रीत पाय खात नाही. साखर-लिंबाचा ओलावा बोर्डावर जितके आठवडे राहिला, त्यातले बहुतेक आपल्या सेवा केंद्रात गेले. १एन४१४८ जातीचा हा डायोड, किरकोळीत रुपया-दोन रुपयांचा. कारागिरानं चहा संपायच्या आत बदलून दिला आणि मजुरी सांगायला लाजला. आपल्याला मात्र याच बोर्डासाठी ‘संपूर्ण युनिट बदलावे’ लिहायला ५९० रुपये लागले.

दोन स्विचच्या पाती मात्र धुवूनही सुधारल्या नाहीत. तेवढे बदलावे म्हणून मी आपल्याला मेल केला की या मॉडेलचे स्विच विकत द्या, नाहीतर निदान कोणत्या बनावटीचे आहेत, स्प्रिंग दाबायला किती वजन लागतं आणि सॉकेट तीन पायांच्या स्विचचा की पाच पायांच्या, एवढं कळवा. उत्तर आलं : “सुटे भाग विक्रीसाठी उपलब्ध नाहीत. तांत्रिक माहिती गोपनीय आहे.” सॉकेटला भोकं किती, हे स्विच उपसला की कोणालाही दिसतं, त्यात गोपनीय ते काय? ज्या वस्तूची जाहिरातच ‘स्विच स्वतः बदला’ अशी आहे, तिचे स्विच कंपनी विकणार नसेल तर तो चिमटा खोक्यात कशासाठी घातला आहे? एमएक्स पद्धतीचे, म्हणजे अशा कीबोर्डात बसणाऱ्या घडणीचे, स्विच आता बरेच कारखाने बनवतात, त्यामुळं मी अंदाजानं दुसरीकडून घेतले. बसले, चालतातही. पण त्यांची स्प्रिंग जड आहे. दिवसभर टाइप करताना त्या दोनच बटणांवर बोट अडखळतं. आपण वजनाचा एक आकडा कळवला असता तर हा त्रास वाचला असता.

कायद्याचं थोडं बोलते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(११) नुसार सेवेच्या दर्जात किंवा पद्धतीत राहिलेली उणीव ही ‘सेवेतील त्रुटी’ ठरते. न उघडता ‘आतून तपासणी केली’ असं लिहून शुल्क घेणं यात बसत नसेल तर दुसरं काय बसेल, मला कळत नाही. कलम ३४ प्रमाणं ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडं दाद मागता येते. म्हणजे आपलं मुख्यालय कुठंही असो, तारखेला यावं लागेल कोल्हापूरला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा मार्ग आहेच. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केलं, त्यात आपली कंपनी कुठं बसते ते आपणच तपासा. माझ्या टेबलासमोर रोज बसणाऱ्या वकील मंडळींपैकी दोघांनी आपण होऊन नोटिशीचा मसुदा करून देतो म्हटलं आहे. टायपिंगचा खर्च अर्थातच मला पडणार नाही.

तरी आधी आपल्याशी बोलावं म्हणून हे पत्र. तपासणीचे ५९० रुपये परत करावेत. कीबोर्ड परत पाठवतानाच्या कुरिअरची रक्कमही द्यावी, कारण न केलेल्या कामासाठी तो प्रवास झाला. जातानाचं कुरिअर मी सोडून देते. ‘पीसीबी निकामी’ हा अहवाल रद्द करून माझ्या अनुक्रमांकापुढं आपल्या यंत्रणेत लागलेली वॉरंटी रद्दची नोंद काढावी. द्रवाशी संबंध नसलेल्या भागांची, म्हणजे केबल आणि यूएसबी जोडणीची, दोन वर्षांची वॉरंटी कायम असल्याचं लेखी द्यावं. मी स्टिकर फोडला तो आपण दुरुस्ती अशक्य ठरवल्यानंतर, हे इथं नोंदवून ठेवते. या मॉडेलचे दोन मूळ स्विच योग्य त्या किमतीत, बिलासह पाठवावेत. हेल्पलाइनवरच्या मंडळींच्या हाती साखरेच्या पेयाबद्दलची बरोबर सूचना द्यावी. काय लिहायचं ते वर आलंच आहे, हवं तर जसंच्या तसं उतरून घ्या.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं. फोन नको. फोनवरचं बोलणं कसं असतं ते मी पाहिलं आहे. उत्तर मराठीत आलं तर उत्तम, इंग्रजीत आलं तरी हरकत नाही. नवीन कीबोर्डवरच्या सवलतीचं कूपन मात्र सोबत पाठवू नये.

आपली ग्राहक,
(सही)

सोबत : खरेदीची पावती, सेवा केंद्राचा अहवाल आणि ५९० रुपयांचं बिल, कुरिअरच्या पावत्या, पाठवण्याआधीचे आणि नंतरचे स्टिकरचे फोटो, उघडतानाच्या चित्रीकरणाची प्रत, सुटे भाग नाकारल्याचा ईमेल, आणि प्लास्टिकच्या पुडीत चिकटवलेला तुटलेल्या पायाचा डायोड. डायोड पाहून झाल्यावर परत करावा, आयोगापुढं लागू शकतो.