रात्रपाळीचे तास मोजाल का? उच्च व तंत्र शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्र शिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

मा. मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी ठाण्यातल्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेला शिकवते. गेल्या वर्षी मी एका खोट्या प्रमाणपत्रावर सही केली. ते खोटं आहे हे मला माहीत होतं, ज्या मुलाने आणून दिलं त्यालाही माहीत होतं, आणि मला कळलंय हेही त्याला कळलं होतं. आमच्यात त्याबद्दल एक अक्षरही बोलणं झालं नाही. तेव्हापासून हे पत्र मनात घोळतंय.

नव्या शैक्षणिक धोरणात एम.कॉम.च्या दुसऱ्या सत्राला ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं, आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षालाही ते आहे. मुलं आणि आम्ही त्याला ओजेटी म्हणतो. चार क्रेडिट, दर क्रेडिटला ३० तास, म्हणजे १२० तास प्रत्यक्ष कामाच्या जागी. कल्पना चांगलीच आहे. आमची मुलं मुलाखतीला जातात आणि ‘याआधी कुठे काम केलंय?’ या पहिल्याच प्रश्नाला गप्प होतात, हे मी इतकी वर्षं ऐकत आलेय.

कामाच्या जागी शिकण्याचं महत्त्व मला कुणी परिपत्रकातून सांगायला नको. माझे वडील १९७६ साली वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागले. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली तेव्हा तिची पहिली औद्योगिक वसाहत हीच. वडील दहावीपर्यंत शिकलेले. पहिले दोन महिने मेस्त्रींनी त्यांना मशीनला हात लावू दिला नाही, फक्त व्हर्निअरने मापं घ्यायला लावली. मेस्त्री आधी स्वतः माप घेऊन कागदावर लिहायचे, कागद खिशात ठेवायचे आणि मग वडिलांना विचारायचे. ते व्हर्निअर अजून आमच्या घरी आहे, शोकेसमध्ये नाही, शिवणाच्या डब्यात. अप्रेंटिसशिप संपली, त्याच कारखान्यात ते कायम झाले आणि त्या पगारावर आम्ही तिघी बहिणी शिकलो. तेव्हा कायदा १९६१ चा होता. आजही तोच आहे.

आता त्या मुलाबद्दल. तो विटाव्याला राहतो. रात्री नवाच्या सुमारास माजिवडा नाक्यावरून कंपनीची बस पकडायची, मानकोलीजवळच्या गोदामात दहा ते सहा काम करायचं, बसनेच परत यायचं आणि साडेसातच्या लेक्चरला बसायचं, असा त्याचा दिवस. पहिल्या बाकावर बसायचा. मागे बसलं की झोप लागते, असं त्याने एकदा सांगितलं होतं.

एके दिवशी मी पुस्तकी साठा आणि प्रत्यक्ष साठा यांत फरक का पडतो, ते शिकवत होते. पुस्तकातली कारणं ठरलेली आहेत, ती फळ्यावर लिहीत होते. याने हात वर केला. म्हणाला, ‘मॅडम, आमच्याकडे सगळ्यात जास्त घोळ परत आलेल्या मालाचा होतो. गिऱ्हाइकाने परत केलेला बॉक्स गेटवर स्कॅन झाला की सिस्टीमला आला म्हणून दिसतो. पण तो उघडून, तपासून रॅकवर लागेपर्यंत दोन-दोन दिवस जातात. तेवढ्यात मोजणी निघाली तर तो माल कुठे आहे म्हणून सांगायचं?’ मी खडू त्याच्या हातात दिला. वीस मिनिटं तो फळ्यापाशी उभा राहून गेटपासून रॅकपर्यंत एका बॉक्सचा प्रवास काढून दाखवत होता. कुठे स्कॅन होतो, कुठे नुसता हाताने सरकवला जातो, रात्री तीननंतर चुका का वाढतात, सगळं. वर्ग एवढा शांत मी क्वचित पाहिलाय. त्या दिवशी त्या विषयात मीही शिकले.

ओजेटीचे अर्ज निघाले तेव्हा मला वाटलं, याचं तर झालंच. अर्जाला तीन गोष्टी लागत होत्या: लेटरहेड, मार्गदर्शकाची सही आणि गोल शिक्का. गोदामाच्या ऑफिसने सांगितलं, तू आमचा नाहीस, कंत्राटदाराचा आहेस. कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणाला, आम्ही पगाराची पावती देतो, सर्टिफिकेट वगैरे देत नाही. मुलाने तीन महिन्यांच्या पावत्या आणि पीएफच्या पासबुकाची प्रिंट आणली. आमच्या समितीने ते कागद परत केले. नोकरी वेगळी आणि ओजेटी वेगळं, असं कारण दिलं. त्या समितीत मीही होते. दोन वाक्यं बोलले आणि गप्प बसले.

आठवड्याने त्याने प्रमाणपत्र आणलं. स्टेशनजवळच्या कुठल्याशा कन्सल्टन्सीचं, ‘अकाउंट्स असिस्टंट’ म्हणून १२० तास पूर्ण, रोज नऊ ते पाच. त्यातल्या दोन दिवशी सकाळी अकरा वाजता तो माझ्यासमोर बसून अंतर्गत परीक्षेचा पेपर लिहीत होता. पंधराशे रुपये दिले, हे नंतर त्याच्या मित्राकडून कळलं. व्हायवाला त्याला विचारलं, काय शिकलास? त्याने टॅलीतली व्हाउचर एंट्री पाठ म्हणून दाखवली. ज्या कामाबद्दल तो तासभर बोलू शकला असता, त्याचं नाव काढायची त्याला सोय नव्हती. चांगले गुण मिळाले. मी सही केली.

महोदय, अशी मुलं थोडी नाहीत. मी वर्गात सहज विचारलं, कोण कोण काम करतं? अर्ध्याहून जास्त हात वर आले. मॉलमधल्या दुकानात बिलिंगला, मेडिकलच्या काउंटरवर, घोडबंदर रोडला पार्सल पोहोचवायला, ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये. मुली संध्याकाळी शिकवण्या घेतात. ही मुलं महिन्याला १२० तासांहून जास्त राबतात. आणि आम्ही त्यांना सांगतो, हे काम नव्हे, शिक्का आणा. ज्याचे काका सीए आहेत त्याला शिक्का फुकट मिळतो. ज्याचं कुणीच नाही तो विकत घेतो.

कंपन्यांनाच दोष द्यावा, असंही मला वाटत नाही. समन्वयक म्हणून मी स्वतः दोन वर्षं महापे आणि रबाळेला फिरले. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येतं. दिघ्यापासून नेरुळपर्यंत पसरलेली टीटीसीची औद्योगिक वसाहत आमच्या मुलांच्या इतकी जवळ आहे. एका कंपनीतल्या मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी मला बसवून, चहा देऊन नीट समजावलं. १२० तास म्हणजे आठ तासांचे पंधरा दिवस. पंधरा दिवसांत आमच्याकडे नव्या माणसाचं ओळखपत्र आणि कॉम्प्युटरचा लॉगिनही होत नाही. शिकवणार काय? त्यात सगळी कॉलेजं एकाच वेळी मुलं पाठवतात, तीही मार्चच्या तोंडावर, जेव्हा अकाउंट्समध्ये मान वर करायला फुरसत नसते. त्यांचं म्हणणं मला पटलं. त्या कधी काळी कुणाच्या तरी हाताखाली शिकल्या होत्या, म्हणून निदान बोलल्या तरी.

सगळीकडे चहा मिळत नाही. माझी एक विद्यार्थिनी घणसोली गावातली आहे. तिच्या आजोबांची भातशेती सिडकोच्या नव्या शहरासाठी गेली. जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या १९८४ च्या जासईच्या लढ्याच्या गोष्टी तिच्या घरी अजून सांगतात. ती फाइल घेऊन कंपनीच्या गेटवर गेली तर सुरक्षारक्षकाने बाहेरच थांबवून ‘ईमेल करा’ म्हणून सांगितलं. कुणाला करायचा, तर ते त्यालाही माहीत नव्हतं. ती मला म्हणाली, ‘मॅडम, आमच्या घराच्या गच्चीवरून ती बिल्डिंग दिसते.’ तिला यावर मी काय उत्तर द्यायचं होतं?

म्हणून माझी पहिली आणि मुख्य विनंती आहे की, जे विद्यार्थी आधीच काम करतायत त्यांचं काम ओजेटी म्हणून धरा. पगाराची पावती आणि पीएफचं पासबुक हा कुठल्याही लेटरहेडपेक्षा पक्का पुरावा आहे. पीएफच्या पासबुकातली नोंद स्टेशनजवळ पंधराशे रुपयांत मिळत नाही. जिथे पीएफ कापला जात नाही, तिथे बँकेत जमा झालेला पगार पाहा. ‘काम अभ्यासक्रमाशी निगडित हवं’ ही अट ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण ते निगडित आहे की नाही, हे मुलाकडून ऐकून ठरवायची मुभा आम्हा शिक्षकांना द्या. गोदामात साठा आहे, मेडिकलच्या काउंटरवर उधारी आणि एक्स्पायरी आहे, डिलिव्हरीच्या मुलाकडे रोकड आणि हिशेब आहे. वाणिज्य म्हणजे आणखी वेगळं काय असतं? त्याने दहा पानं स्वतःच्या भाषेत, मराठीत लिहावीत, आम्ही तासभर प्रश्न विचारू. खोटं बोलणारा पाच मिनिटांत कळतो. मला तर दारातून आत येतानाच कळला होता.

ज्यांना काम नाही, त्यांच्यासाठी तास मोकळे करा. एकाच सत्रात कोंबण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत थोडे, उन्हाळ्याच्या सुट्टीत थोडे, शनिवारी थोडे, असे वर्षभरात पूर्ण करू द्या. एका ठिकाणी सहा महिने दर शनिवारी जाणारं पोर पंधरा दिवस सलग जाणाऱ्यापेक्षा जास्त शिकेल. आणि जागा शोधायचं काम मुलांवर किंवा माझ्यासारख्या शिक्षिकेवर टाकू नका. मी स्वतः तासिका तत्त्वावर आहे. महाप्याला जायचं तर त्या दिवसाचं माझं मानधन बुडतं. त्याबद्दल वेगळं लिहीन, आज नाही.

जागा आहेत कुठे, तर आपल्याच यंत्रणेला माहीत आहेत. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचे, असा नियम आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधर अप्रेंटिसला महिना किमान ९,००० रुपये ठरवले आणि केंद्राच्या योजनेत त्यातला निम्मा वाटा सरकार उचलतं. आपल्याच राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली, पदवीधराला महिना १०,००० रुपये. पण शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही. म्हणजे पदवी हातात पडल्यावर सरकार पैसे देऊन कामाला लावणार, पण पदवी घेताना सक्तीच्या १२० तासांसाठी मुलाने पदरचं भाडं खर्चून गेटोगेट फिरायचं. उच्च शिक्षण आणि कौशल्य विकास या दोन खात्यांच्या टेबलांमध्ये एक फाइल सरकली तरी पुरे. कोणत्या आस्थापना अप्रेंटिस घेण्यास बांधील आहेत याची जिल्ह्याची यादी दर वर्षी कॉलेजांना द्या. ओजेटीची मुलं त्यांच्याकडेच पाठवू आणि त्यांतली चांगली मुलं पदवीनंतर तिथेच अप्रेंटिस होतील. माझ्या वडिलांच्या वेळी असंच होत होतं.

ठाण्यात गृहनिर्माण सोसायट्यांना तोटा नाही. प्रत्येकीला हिशेब लिहावा लागतो, ऑडिट करावं लागतं आणि सेक्रेटरी काका बहुतेक ठिकाणी ते रविवारी कपाळाला हात लावून करतात. सहकार खात्याने एक शब्द टाकला तर वाणिज्यच्या मुलांना खरं काम दाराशी मिळेल. हे मी माझ्या सोसायटीत दोन मुलींकडून करून घेतलं आहे. त्यांनी सहा वर्षांपूर्वीची थकबाकी शोधून काढली.

आणखी एक. विद्यापीठ कायद्यात निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचं बंधन आहे. ते पाळलं जाईल एवढं पाहा. ऑफर लेटर हातात आणि मार्कशीट नाही, म्हणून रुजू होण्याची तारीख पुढे ढकला, अशी विनंती लिहून द्या म्हणत मुलं माझ्याकडे येतात. कंपनी एकदा थांबते, दुसऱ्यांदा पुढच्या नावाला फोन करते.

तो मुलगा आता पास झालाय. गोदामातच आहे, मोजणीच्या टीममध्ये घेतलंय त्याला, पगार थोडा वाढलाय. मध्यंतरी नौपाड्यात भेटला. मी म्हटलं, कुठे दुसरीकडे मुलाखत दिलीस का? म्हणाला, ‘दिली ना मॅडम. त्यांनी अनुभव विचारला. मी कन्सल्टन्सीचं सर्टिफिकेट दाखवलं नाही. गोदामाचंच सांगितलं. पण ते मार्कशीटवर कुठे नाही ना.’

या वर्षीचे कोरे अर्ज माझ्या कपाटात येऊन पडलेत. तीच तीन खणं आहेत: लेटरहेड, सही, शिक्का. दिवाळीच्या सुट्टीत मी ते मुलांना वाटणार आहे. त्याआधी आपल्या खात्याकडून चार ओळींचं परिपत्रक निघालं, तर चौथं खण मी हाताने आखून घेईन.

आपली विश्वासू,
ठाण्यातली एक वाणिज्य शिक्षिका