फोटो छापलेले मग पाठवलेत, ते जपून ठेवू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

पार्सल मिळालं असेल. सहा मग आहेत, सगळे पांढरे, सगळ्यांवर तुमचा तोच एक फोटो, आणि आई तू आत्तापर्यंत नक्की म्हणाली असशील की एकच फोटो सहादा कशाला छापला. त्यासाठीच हे लिहितेय. फोनवर सांगायला गेले की बाबा मधेच ऑर्डरींचं विचारतात आणि सांगायचं ते राहून जातं.

मागच्या महिन्यात मी तुमच्याशी धड बोलत नव्हते त्याचं कारण हे मगच. २४ मगांची एक ऑर्डर होती, मनापासून केलेली, आणि दोन महिन्यांनी त्या बाईंचा मेसेज आला की फोटोतले चेहरे फिके पडलेत आणि काठाजवळ तर रंगाचा पापुद्रा सुटतोय. पैसे परत दिले. दुसरे करून देते म्हटलं तर त्या नको म्हणाल्या, आणि ते नको म्हणणं मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

आधी वाटलं चूक माझीच. मगवर फोटो छापायच्या गरम प्रेसचं तापमान कमी पडलं असेल, वेळ चुकली असेल, शाई जुनी असेल. मग बाबा तुमचं आठवलं, मशीन बिघडलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही. तर तीच शाई, तोच कागद, तेच १९० डिग्री आणि तीच तीन मिनिटं ठेवून आधीच्या लॉटमधले उरलेले दोन मग आणि या लॉटमधले दोन मग छापले आणि पंधरा दिवस घासणीने घासत राहिले. जुने जसेच्या तसे, नवे पुसट. म्हणजे दोष मगांमध्ये होता.

यात समजून घ्यायचं ते एवढंच की ही छपाई सिरॅमिकवर होतच नाही. मगवर पॉलिस्टर जातीचं एक पातळ कोटिंग असतं. प्रेसच्या उष्णतेने कागदावरच्या शाईतल्या रंगाची थेट वाफ होते आणि ती त्या कोटिंगमध्ये शिरून बसते. साध्या बाजारातल्या मगवर हा फोटो उमटणारच नाही, मग तो कितीही महागाचा असो. आणि कोटिंग पातळ असेल किंवा कारखान्यात नीट भाजलेलं नसेल तर पहिल्या दिवशी फोटो सुंदर दिसतो आणि नंतर धुता धुता जातो. विकत घेताना कोरा मग हातात धरून यातलं काही म्हणजे काहीच दिसत नाही हो, हाच सगळा त्रास आहे.

विकणारे सांगतात ट्रिपल ए ग्रेड आहे, डबल ए आहे, पण त्या अक्षरांचं सगळीकडे चालेल असं एक मोजमाप नाही, एकाचा ट्रिपल ए दुसऱ्याच्या साध्या मालापेक्षा वाईट निघालेला मी स्वतः पाहिलाय. म्हणून आता अक्षरं ऐकायची नाहीत असं ठरवलं आणि पाच जणांकडून नमुन्याचे मग मागवले. दोघांनी नमुना द्यायलाच नकार दिला, एकदम ३६ चं कार्टन घ्या म्हणाले. त्यांना तिथेच सोडलं.

बाकी तिघांचे मग मी कसे तपासले ते बाबांना आवडेल. तुमचा व्हर्नियर, मिलिमीटरचेही भाग मोजणारी ती पट्टी, काढला. ११ औंसाचा मग, म्हणजे साधारण ३२५ मिली, त्याचा व्यास ८२ मिलिमीटरच्या आसपास असतो. वरून, खालून, आडवा, उभा असा चारदा मोजला. मग जरा जरी निमुळता किंवा लंबगोल असला तरी प्रेसचा हीटर सगळीकडे सारखा टेकत नाही आणि जिथे टेकत नाही तिथे रंग फिका येतो. एकाच्या मगांमध्ये वरच्या आणि खालच्या मापात दीड मिलिमीटरचा फरक निघाला, डोळ्यांना कळलाही नसता.

मग ते खिडकीशी कोऱ्या कागदावर ठेवून पाहिले. पांढरा पांढरा म्हणतो आपण पण एक पिवळट, एक निळसर, एक स्वच्छ, आणि पिवळट मगवर माणसांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे येतात. कोटिंगमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत का तेही तिरक्या उजेडात दिसतं, छापल्यावर तिथे पांढरा ठिपका राहतो आणि तो नेमका कोणाच्या तरी गालावर येतो. मग एकेक वाजवून पाहिला, आई तू भांडं घेताना वाजवतेस तसा. तडा असला की आवाज बद्द येतो. शेवटी पाणी भरून दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये. चांगला भाजलेला मग असेल तर पाणी तापतं आणि कान धरता येतो, कच्चा भाजलेला असेल तर त्याच्या अंगात ओल शिरलेली असते आणि कानच चटका देतो. बुडाला जिथे ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसतो तिथून ही ओल शिरते. प्रेसमध्येही तिची वाफ होऊन रंग फुटतात, म्हणून आता मी सगळे मग कोरड्या जागी उलटे रचून ठेवते.

ज्यातून माणूस पिणार त्याच्या ग्लेझमध्ये शिसं आणि कॅडमियम किती सुटतं हेही विचारायला पाहिजे, हे मला फार उशिरा सुचलं. त्याची आयएसओ ६४८६ ही चाचणी असते, मग ॲसिटिक ॲसिडच्या पाण्याने भरून २४ तास ठेवतात आणि काय उतरलं ते मोजतात. तिघांकडे तिचा रिपोर्ट मागितला, एकाने त्याच दिवशी पाठवला, एकाने आठवडा लावला, एक अजून बघतो म्हणतोय. मला यातूनच माणूस कळला.

आता तुमचं काम. बुडाला आकडे लिहिलेत. १ आणि २ एकाचे, ३ आणि ४ दुसऱ्याचे, ५ आणि ६ तिसऱ्याचे, कोण कुठला ते सांगत नाही म्हणजे मन आधीच एकीकडे झुकणार नाही. १, ३, ५ रोज वापरायचे, रोज घासायचे. आई, फोटो तुमचा आहे म्हणून हात हलका ठेवू नकोस, तू कढई घासतेस तसंच घास. २, ४, ६ कपाटात अंधारात ठेवून द्या, महिन्याने जोडीला जोडी लावून बघता येईल.

आणि कान धरून बघ गं. तुझी बोटं सकाळी आखडतात, भरलेला मग उचलताना तीन बोटं आत जातात का, की दोनच जाऊन बाकीची गरम मगला टेकतात, हे मला माझ्या हाताने कळत नाही. माझ्याकडे भेट म्हणून मग घेणारे बरेच जण आपल्या आईवडिलांसाठीच घेतात, त्यामुळे मला तुझा हात जास्त खरा वाटतो.

महिन्याने सहाही मग खिडकीशी मांडून फोटो पाठवा, दिवसाच्या उजेडात. तोवर मी एकही कार्टन घेत नाहीये.

तुमची लेक

ता. क. बाबा, व्हर्नियर माझ्याकडेच आहे, टेबलाच्या खणात शोधत बसू नका. येताना घेऊन येते.