लूरच्या पोटातल्या वजनाबद्दल एका ओळीपेक्षा जास्त लिहायला हवं होतं

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी लाकडी लूर, म्हणजे माशाला भुलवायचा गळ लावलेला खोटा मासा, कसा बनवायचा यावर लेख छापलात, खूप बरं वाटलं, कारण गरी टाकून बसणाऱ्या माणसांबद्दल मराठी पेपरात सहसा कोणी लिहीत नाही. लाकूड कोरणं, रंग, डोळे, खवल्यांची जाळी हे सगळं छान आणि सविस्तर आहे. पण वजनाचा विषय आला आणि लेखकाने "पोटाला भोक पाडून त्यात शिसं वितळवून ओता" एवढ्यावर उरकलं. मी गेली बरीच वर्षं स्वतःचे लूर स्वतः बनवतो आणि माझं स्पष्ट मत आहे की रंग हा माणसाला भुलवायला असतो, माशाला भुलवतं ते पोटातलं वजन, म्हणून हे पत्र.

भोक पोटाला पाडा म्हणजे नेमकं कुठे? तोंडाकडे वजन जास्त झालं की लूर नाक खाली करून दगडासारखा जातो, शेपटीकडे जास्त झालं की फेकताना लांब जातो खरा पण ओढताना शेपूट लोंबते आणि हालचाल पार मरते. मधोमध पण वरच्या बाजूला राहिलं तर तो कुशीवर झोपतो, मेलेल्या माशासारखा. वजन खाली असलं की लूर कलंडला तरी परत सरळ होतो, हे बरोबर, पण तेही प्रमाणात. पुढची पट्टी, म्हणजे लिप, पाण्याच्या दाबाने लूरला एकदा इकडे एकदा तिकडे ढकलते आणि खालचं वजन त्याला परत मध्ये खेचतं, या ओढाताणीतून ती थरथर येते. वजन फार खाली आणि फार जास्त घातलं तर लिपला तो हलवताच येत नाही, लूर सरळ रेषेत काठीसारखा येतो. फिनलंडच्या लॉरी रापाला या मच्छीमाराने 1936 मध्ये बुचातून पहिला लूर कोरला, वर चॉकलेटची चांदी लावली, त्यावर फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला, आणि हे सगळं कशासाठी तर जखमी छोटा मासा जसा थोडा वाकडा लडखडत पोहतो आणि मोठा मासा नेमका त्यालाच धरतो ते त्याने बघितलं होतं म्हणून. लडखडणं महत्त्वाचं, चांदी नंतर.

त्यामुळे माझी पद्धत अशी की भोक सगळ्यात शेवटी. आधी लूरला वॉटरप्रूफ सीलर मारायचा, गळ आणि रिंगा खऱ्याच लावायच्या (हे फार जण विसरतात, गळ बदलला की सगळा हिशोब बदलतो), आणि बादलीत पाणी घेऊन पोटाला बाहेरून टेपने वजनाचे छोटे छोटे तुकडे चिकटवत जायचं. एक तुकडा पाव इंच पुढे सरकवला तरी लूरचं नाक खाली झुकताना डोळ्याला दिसतं. समाधान झालं की पेन्सिलने खूण करायची आणि तिथेच भोक पाडायचं.

आता किती वजन. ज्यांना ओढणं थांबवल्यावर पाण्यात जागच्या जागी तरंगत राहणारा लूर हवाय (आणि मासा बऱ्याचदा त्या थांबलेल्या क्षणीच धरतो) त्यांच्यासाठी साधा हिशोब सांगतो. समजा लूरचं आकारमान 10 घनसेंमी आहे, मापाच्या भांड्यात बुडवून पाणी किती वर चढलं ते बघायचं. भोक पाडलेलं लाकूड, लिप, रंग, वार्निश मिळून 4 ग्रॅम. गळ आणि रिंगा 2.5 ग्रॅम, पण ते स्टीलसुद्धा साधारण 0.3 घनसेंमी पाणी बाजूला सारतंच. म्हणजे एकूण 10.3 ग्रॅम पाणी हटतंय, हातात आहेत 6.5, तर आत हवेत 3.8 ग्रॅम. गोड्या पाण्यात एवढं घातलं की लूर ना वर येतो ना खाली जातो. समुद्रात मात्र पाण्याची घनता 1.025 च्या आसपास असते, तोच लूर तिथे वर येतो, अजून पाव ग्रॅम लागतं. इतकंच काय, 20 डिग्रीच्या पाण्यात नीट थांबणारा लूर 30 डिग्रीच्या पाण्यात हळूहळू बुडतो, कारण गरम पाणी हलकं, आणि फरक ग्रॅमच्या चाळिसाव्या भागाएवढा पण लूरला तो पुरतो. म्हणून मी किंचित कमीच वजन भरतो आणि उरलेलं वजनदार चिकटपट्टीच्या पातळ तुकड्याने तिथे पाण्यावर जाऊन पूर्ण करतो.

आता शिशाबद्दल, आणि याच्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः शिसं ओतत होतो, भोक आदल्या दिवशी बादलीत तपासलेल्या लूरला पाडलेलं, वरून कोरडं दिसत होतं पण लाकडात ओल राहिली होती. शिसं वितळतं 327 डिग्रीला, पाण्याची वाफ होते 100 ला, थेंबभर ओल होती ती क्षणात वाफ झाली आणि शिसं फटकन उडून माझ्या मनगटावर आलं, डाग अजून आहे. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. तुमच्या लेखात चष्मा, हातमोजे, उघडी हवा, लहान मुलं लांब, यातलं एक अक्षर नाहीये. शिशाची धूळ हाताला लागते, हातातून तोंडात जाते, आणि मुलांच्या रक्तात शिशाची कुठलीच पातळी सुरक्षित मानत नाहीत.

दुसरं म्हणजे दोरी तुटली की ते शिसं पाण्यातच राहतं. पाणपक्षी अन्न दळायला पोटात बारीक खडे गिळतात, त्यात शिशाची गोळी गेली की ती झिजत झिजत रक्तात उतरते, मान धरवत नाही, उडता येत नाही, आणि पक्षी उपाशी मरतो. ब्रिटनमध्ये हंस असे मरायला लागले म्हणून 1987 पासून छोट्या शिशाच्या वजनांची विक्री बंद केली. अमेरिकेत लून या बुडी मारून मासे धरणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत तर एक गोळी पुरते.

आणि पर्याय आहेत हो! टंगस्टनची घनता 19.25, शिशाची 11.34, म्हणजे वरच्या 3.8 ग्रॅमला शिशाला साधारण 0.33 घनसेंमी जागा लागते आणि टंगस्टनला 0.2 पुरे, भोक लहान, वजन अगदी तळाला, हालचाल उलट जास्त चांगली येते. ते घरी वितळत नाही, तयार तुकडा इपॉक्सी गोंदाने बसवायचा, महाग पडतं हे मान्य. स्टीलच्या गोळ्या स्वस्त, जागा जास्त खातात, पण लोहचुंबकाला चिकटतात म्हणून एक कामाची गोष्ट करता येते, आत नळी ठेवून तिच्या पुढच्या टोकाला चुंबक बसवायचा आणि गोळी मोकळी सोडायची, फेकताना ती शेपटीकडे पळते आणि लूर लांब जातो, ओढायला लागलं की पुढे येऊन चुंबकाला चिकटते. ज्यांना ओतायचंच आहे त्यांनी बिस्मथ घ्यावं, 271 डिग्रीला वितळतं, थंड होताना थोडं फुगतं म्हणून भोकात घट्ट बसतं, फक्त ठिसूळ असतं. ओल राहिली तर तेही उडतंच, तेव्हा लाकूड पूर्ण सुकवून मगच.

लेखाचा दुसरा भाग येणार असं खाली लिहिलंय. त्यात वजनाला निदान अर्धं पान द्या, आणि तो यायच्या आत, शक्य असेल तर उद्याच्याच अंकात, ओल्या लाकडात वितळलेला धातू ओतू नका एवढी चौकट छापा. सुट्ट्या लागल्यात, पोरं तो लेख कापून ठेवून बसली असतील.

आपला,
एक नियमित वाचक