रात्रीच्या पशुवैद्यांचा नंबरही छापा

महोदय,

रविवारच्या पुरवणीत पाळीव प्राण्यांवरच्या लेखात ‘कुत्रीचं बाळंतपण निसर्गच करतो, माणसानं लांब राहावं’ असं म्हटलं होतं. हे अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यापायी आमच्याकडे एक पिल्लू गेलं, म्हणून हे पत्र.

मी पाटणला शिंपीकाम करतो. आमची टिकली गावठीच. दुकानाच्या पायरीवर आली आणि राहिली. गाभण दिसली तेव्हा पशुवैद्यांना दाखवलं. ते म्हणाले, कुत्रीचे दिवस साधारण ६३. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप बघत जा. एरवी १०१-१०२ असतो, तो ९९ च्या खाली उतरला की दिवसभरात विणार. (त्या थर्मामीटरला आता घरात कोणी हात लावत नाही.) आषाढातल्या त्या दुपारी पारा ९८.४ वर आला. टिकलीनं भाकरीला तोंड लावलं नाही, मशीनखालच्या चिंध्या उकरून उकरून त्यांचा ढीग केला. मी खोक्यात रद्दी अंथरली. आपल्याच दैनिकाची, राग मानू नये. सुती दोरा आणि लहान कात्री उकळून ठेवली. लाइट साडेनऊलाच गेली होती.

पहिलं पिल्लू पावणेबाराला आलं. टिकलीनं पिशवी फाडली, नाळ तोडली, वार खाल्ली आणि चाटून चाटून त्याला ओरडायला लावलं. मी नुसता बॅटरी धरून बसलेलो. इथवर आपला लेख बरोबर. दुसरंही तसंच झालं. तिसरं पायाळू आलं. कुत्र्यांत हे नेहमीचं असतं, त्याचं काही नाही. पण टिकली आधीच्याला चाटण्यात गुंतलेली, आणि हे पिशवीतच, ओलं, गप्प. नखानं पिशवी फाडली, नाक-तोंड पुसलं, डोकं जरा खाली धरून टॉवेलनं पाठ चोळत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. मग उचकी लागल्यासारखं झालं आणि ते चिरकलं. पोटापासून इंचभर सोडून नाळेला दोऱ्याची गाठ मारली, पुढे कापलं, आयोडीन लावलं. चाळीस वर्षं काजं-बटणं करतोय, हात असे कधी थरथरले नव्हते. बायकोनं तिथंच सांगून टाकलं, ही कात्री पुन्हा कापडाला लावायची नाही.

चौथ्याच्या वेळी बिघडलं. कळांवर कळा, पाठीची कमान, आणि बाहेर काही नाही. शेजारी म्हणाले, थांबा, दोन पिल्लांमध्ये दोन-दोन तास जातात. ते खरं, पण कुत्री निवांत पडलेली असेल तेव्हा. सारखा जोर लावतेय आणि अर्ध्या तासात पिल्लू नाही, तर थांबायचं नसतं. मला तेव्हा ठाऊक नव्हतं. एकानं तर गोठ्यातलं, म्हशीला पान्हा सोडायला टोचतात ते इंजेक्शन आणून हातात ठेवलं. बायकोनं ते काढून घेतलं म्हणून वाचलो. पिल्लू अडकलेलं असताना त्यानं गर्भपिशवी फाटू शकते, हे डॉक्टरांकडून नंतर कळलं.

मग फोन. दवाखाना दिवसाचा. माझ्याकडे तीन नंबर होते. एक बंद, एक कोणी उचलला नाही. तिसरे डॉक्टर केव्हाच बदलून गेलेले, पण त्या भल्या माणसानं झोपेतून उठून कराडच्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. त्यांनी एकच विचारलं, ‘जोर लावून किती वेळ झाला?’ दीड तास म्हटल्यावर ‘निघा’ म्हणाले. पाऊस कोसळत होता. शेजाऱ्याच्या टेम्पोत टिकली, मांडीवर टोपलीत तीन पिल्लं आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. त्या वयात त्यांना स्वतःची ऊब धरता येत नाही.

चौथं मान वळून अडकलं होतं. मेलेलंच निघालं. त्यामागचं पाचवं जिवंत. ‘तासभर आधी आला असतात तर...’ एवढं म्हणून डॉक्टर हात धुवायला गेले.

पिल्लं होऊच का दिली, असं काही वाचक विचारतील. रास्त आहे. यांचं दूध सुटलं की टिकलीचं ऑपरेशन करून घेणार आहे.

माझी मागणी लहान आहे. आपल्या दुसऱ्या पानावर कोयनेचा पाणीसाठा रोज येतो. त्याच पानावर तालुकावार एक चौकट द्या, रात्री फोन उचलणाऱ्या पशुवैद्यांची, अर्थात त्यांच्या संमतीनं. जनावरांसाठीचा १९६२ हा सरकारी टोल-फ्री क्रमांकही तिथंच मोठ्या अक्षरात छापा, आणि आपल्या भागात तो किती वाजेपर्यंत चालतो तेही. अडलेली गाय असो की कुत्री, रात्री एक वाजता माणूस पुरवणी शोधत बसत नाही.

तोवर कराडच्या डॉक्टरांना विचारून त्यांचा नंबर मी दुकानाच्या फळीवर खडूनं लिहून ठेवला आहे.

आपला,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)
(नाव छापू नये, ही विनंती.)