काट्यावर न दिसणारी गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रॉयलर कोंबड्यांच्या पूरक खाद्यावरचा आपल्या अंकातील लेख वाचला. खाद्यातली प्रतिजैविके (अँटिबायोटिक) गेली, त्यांच्या जागी प्रोबायोटिक (उपयोगी जिवंत जंतू), सेंद्रिय आम्ले आणि वनस्पतींचे अर्क आले, म्हणजे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंची काळजी मिटली, असा लेखाचा एकंदर सूर आहे. कोंबड्यांच्या विष्ठेचे नमुने तपासण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. ही काळजी इतक्या सहजी मिटणारी नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

या सगळ्याची सुरुवात कशी झाली, ते लेखात नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील लेडरले प्रयोगशाळेत ज्यूक्स आणि स्टॉकस्टॅड हे दोघे पिल्लांसाठी ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक काढून घेतल्यावर उरलेला चोथा त्यांनी पिल्लांना घातला. पिल्ले भराभर वाढली. नुसत्या ब-१२ ने वाढावीत त्याहून जास्त. चोथ्यात प्रतिजैविकाचा अंश राहिला होता. म्हणजे प्रतिजैविक खाद्यात शिरले तेच मुळी पूरक खाद्याच्या वेषात. त्यामुळे पोत्यावर 'पूरक' लिहिलेले दिसले की मी निर्धास्त होत नाही, उलट आत काय आहे ते वाचायला चष्मा काढतो.

पुढे काय झाले, ते स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसते. बॉस्टनजवळच्या एका शेतावर काही पिल्लांना टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घातलेले खाद्य दिले, काहींना साधे. आठवड्याभरात औषधी खाद्यावरच्या पिल्लांच्या आतड्यातले ई. कोलाय हे जंतू जवळजवळ सगळे टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. काही महिन्यांत तसेच जंतू त्या शेतावरच्या माणसांच्या विष्ठेतही वाढलेले आढळले, आणि त्यातले कित्येक तर कोंबड्यांना कधी दिलीच नव्हती अशा औषधांनाही पुरून उरत होते. प्रतिकाराची जनुके प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर एकत्र बसतात आणि एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातात. एक औषध दिले की त्या कड्यावरचे बाकीचे प्रवासी फुकटात पोसले जातात.

स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. ते योग्यच झाले. पण त्यांच्या जागी आलेले पूरक खाद्य नेमके काय करते?

ते काहीच करत नाही असे माझे म्हणणे नाही. हॅचरीत, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रात, यंत्रातून निघालेल्या पिल्लाला आई भेटत नाही, त्यामुळे तिच्या आतड्यातले जंतूही मिळत नाहीत. मोकळ्या आतड्यात जो आधी शिरेल तो ठाण मांडतो. फिनलंडमधील नुर्मी आणि रंटाला यांनी १९७३ मध्ये दाखवले, की मोठ्या निरोगी कोंबडीच्या आतड्यातला ऐवज पिल्लांना पाजला तर साल्मोनेला या माणसालाही आजारी पाडणाऱ्या जंतूला जागाच मिळत नाही. आजची प्रोबायोटिके त्याच कल्पनेची सुधारलेली रूपे आहेत. यीस्टच्या कवचातली मॅनन शर्करा ई. कोलाय आणि साल्मोनेलाच्या चिकटण्याच्या धाग्यांना अडकवते. आम्ले पोटातली आंबटता वाढवतात. मरतुक कमी झाली, एफसीआर (किलोभर वजनाला लागणारे खाद्य) सुधारला, की औषधाची गरजही कमी पडते. हा फायदा खरा आहे आणि तो मी मान्य करतो.

खोच पुढे आहे. यातले बहुतेक उपाय जंतूला अडवताना तो प्रतिकारी आहे की साधा, हे विचारत नाहीत. शंभर ई. कोलायपैकी साठ प्रतिकारी असतील आणि पूरक द्रव्याने एकूण संख्या दहावर आली, तर त्यातले साधारण सहा प्रतिकारीच राहतात. प्रयोगशाळेत आम्ही एकच नमुना मॅकॉन्की आगराच्या (जंतू वाढवण्याच्या माध्यमाच्या) दोन थाळ्यांवर पेरायचो, एक साधी, दुसरी टेट्रासायक्लिन मिसळलेली. दुसऱ्या दिवशी दोन्हींवरचे गुलाबी ठिपके, म्हणजे ई. कोलायच्या वसाहती, मोजायचे. बरेचदा पहिल्या थाळीवरचे ठिपके घटलेले दिसत आणि विक्रेता खूश होई. दुसऱ्या थाळीवरचेही त्याच मापाने घटलेले असत, म्हणजे प्रमाण होते तेवढेच. दुसरी थाळी बघायला कोणी थांबत नसे.

त्यातही काही पूरके उलट बाजूला जाऊन बसतात, उदाहरणार्थ खाद्यात मिसळलेले तांबे. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या आतड्यातल्या एन्टेरोकॉकस जंतूंत तांबे सोसण्याचे जनुक आणि व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला प्रतिकार देणारे जनुक एकाच प्लाझ्मिडवर सापडले. खाद्यात भरपूर तांबे घाला, प्रतिजैविकाचा एक कणही न देता प्रतिकारी जंतू टिकतात. प्रोबायोटिकमधल्या जिवंत जंतूंच्या अंगातही प्रतिकाराची जनुके असू शकतात, म्हणून वाण निवडतानाच ती तपासावी लागतात. कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवीविरुद्ध खाद्यात घालतात ते नरासिनसारखे पदार्थही जंतू मारतातच, मग कागदोपत्री त्यांना काहीही म्हणा.

प्रतिकारी जंतूंचे प्रमाण खाली येते ते मुख्यतः औषधाचा दाब उठला, म्हणजे औषध देणे थांबले की. कॅनडातील क्युबेकमध्ये हॅचरीत अंड्यातच सेफ्टिओफर हे प्रतिजैविक टोचत असत. २००५ मध्ये हॅचऱ्यांनी आपणहून ते थांबवले, आणि दुकानातल्या कोंबडीत व आजारी माणसांत, दोन्हीकडे, त्या गटातल्या औषधांना न जुमानणारा साल्मोनेला हायडेलबर्ग (साल्मोनेलाचा एक प्रकार) ठळकपणे कमी झाला. २००७ मध्ये ते टोचणे थोड्या प्रमाणात परत सुरू झाले, तसा प्रतिकारही परत वर चढला. यात कोणतेही पूरक खाद्य नव्हते.

आणखी एक गल्लत लेखात आहे. 'मांसात औषधाचा अंश नाही' आणि 'प्रतिकारी जंतू नाहीत' ही दोन वाक्ये एकच समजली आहेत. विक्रीआधी काही दिवस औषध बंद ठेवले की अंश निघून जातो. जंतू कुठेही जात नाहीत. ते कातडीवर, सुरीवर, ओट्यावर येतात आणि शेडमधल्या गादीबरोबर (कोंबड्यांखाली अंथरलेल्या भुशाबरोबर) शेतात पसरतात. शिजवल्यावर ते मरतात हे बरोबर, पण कच्चे मांस धुताना उडणारे शिंतोडे कोणी शिजवत नाही.

ब्रॉयलरचे आयुष्य पाच-सहा आठवड्यांचे. पूरक खाद्याच्या चाचण्याही तेवढ्याच, आणि निकाल बहुधा काट्यावरच ठरतो: वजन किती, खाद्य किती लागले. तेच रकाने आपल्या लेखातल्या तक्त्यात आहेत. पुढच्या वेळी अशा उत्पादनावर लिहिताना आपल्या वार्ताहराने कंपनीला एवढेच विचारावे: पिल्ले आली त्या दिवशी आणि बॅच उचलली त्या दिवशी, विष्ठेतल्या ई. कोलायपैकी किती प्रतिकारी होते, कोणकोणत्या औषधांना, आणि पूरक न दिलेल्या शेजारच्या शेडमध्ये किती? आकडे मिळाले तर तक्त्यात आणखी एक रकाना वाढवून छापा. नाही मिळाले तर तो रकाना कोरा छापा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ