चाळिशीनंतरच्या स्पर्धकांना विकलेल्या पोहण्याच्या सराव आराखड्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी

विषय : बारा आठवड्यांच्या मास्टर्स (प्रौढ स्पर्धकांसाठीच्या) आराखड्यातील अंतराची चूक आणि खांद्याला धोका

महोदय,

चाळिशी-पन्नाशीत पुन्हा स्पर्धेत उतरू पाहणाऱ्या कोल्हापूरच्या आम्ही जलतरणपटूंनी आपला वरील आराखडा पैसे भरून घेतला. तो मुळात यार्डांत आखलेला आहे. आपण ‘यार्ड’ खोडून तिथे ‘मीटर’ लिहिले आणि तो आम्हाला विकला.

पुरावा त्यातच आहे. चाचण्या ५०० आणि १६५० च्या आहेत. या शर्यती २५ यार्डांच्या अमेरिकी टँकमधल्या. मीटरच्या टँकमध्ये त्यांच्या जागी ४०० आणि १५०० मीटर असतात. ७५ आणि १२५ चे सेट तर ५० मीटरच्या टँकमध्ये भिंतीवर संपतच नाहीत, मध्येच पाण्यात थांबावे लागते. ऑलिंपिक जलतरणपटू वीरधवल खाडे यांच्या कोल्हापुरात हे कोणाच्याही लगेच लक्षात येते.

प्रश्न केवळ शब्दाचा नाही. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ‘१०० मीटर दहा वेळा, दर १ मिनिट ४५ सेकंदांनी’ हा आपला सेट खऱ्या मीटरमध्ये करायचा तर सुमारे १ मिनिट ५५ सेकंद हवेत. ५० मीटरच्या टँकमध्ये १०० ला तीनऐवजी एकच टर्न (भिंतीला पाय रेटून वळणे) मिळतो, म्हणजे भिंतीचा रेटाही कमी, म्हणून आणखी थोडे. हे दहा सेकंद जातात विश्रांतीतून. मग चौथ्या-पाचव्या शंभरापासून कोपर खाली घसरते, हात मध्यरेषा ओलांडून पडतो आणि सहनशक्तीच्या सेटची शर्यत होते.

मुळात सगळ्यांना एकच वेळ देणेच चूक. प्रत्येकाने ४०० आणि २०० मीटर पूर्ण जोर लावून पोहावे आणि दोन्ही वेळांतल्या फरकाची निम्मी वेळ १०० मीटरसाठी धरावी. ४०० ला ८ मिनिटे व २०० ला ३ मिनिटे ४५ सेकंद लागले, तर १०० चा सरावाचा वेग साधारण २ मिनिटे ७ सेकंद येतो. विश्रांती त्यावर वेगळी.

खांद्याचा मुद्दा आम्हाला याहून गंभीर वाटतो. दुसऱ्याच आठवड्यात ८०० मीटर मोठ्या पॅडलवर, म्हणजे पाण्याचा भार वाढवणाऱ्या, पंजाला बांधायच्या पट्ट्यांवर! बऱ्याच वर्षांनी पाण्यात उतरलेल्याचा दम काही आठवड्यांत परत येतो. खांद्याच्या कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांना) मात्र भार पेलायला महिने लागतात. आधी हात पुढे टाकताना खांद्याच्या वरच्या बाजूला टोचते, पुढे रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पहिले सहा आठवडे पॅडल नकोच. त्याऐवजी कोपर अंगाला चिकटवून, रबर बँड ओढत हात बाहेर फिरवण्याचे १५-१५ चे दोन सेट, एक दिवसाआड. नंतर पॅडल द्याल ते पंजापेक्षा जेमतेम मोठे आणि मनगटाचा पट्टा काढून. हात चुकीचा पडला की ते निसटते आणि चूक तिथल्या तिथे कळते.

आमच्या मागण्या : आराखडा २५ आणि ५० मीटरच्या टँकसाठी वेगवेगळा, खऱ्या मीटरमध्ये द्यावा. तोवर विक्री थांबवावी. ज्यांनी तो आधीच घेतला आहे, त्या सगळ्यांना पॅडलचे सेट बंद ठेवण्याची सूचना आजच पाठवावी, कारण कोणीतरी उद्या सकाळी ते करणार आहे. ज्यांना सुधारित आराखडा नको, त्यांचे पूर्ण पैसे परत करावेत.

ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास आम्ही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ.

कळावे,
आपले ग्राहक,
मास्टर्स जलतरणपटू, कोल्हापूर